सामायिक जलाशयाचं पाणी दरवर्षी थोडं थोडं खारं होतंय, सुरुवात कुठून करायची?

काठावरची:

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज, कारण मला खरंच अडलंय.

आम्ही तीन वस्त्या एकाच जलाशयातून पाणी उचलतो आणि त्याची एक जॉइंट कमिटी आहे, तिच्यात मी आमच्या बाजूने बसते. मी इंजिनिअर नाही की केमिस्ट नाही, पण रिपोर्ट वाचून वाचून एवढं कळायला लागलंय की क्लोराइड (मिठातला एक भाग) आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) चढतच चाललेत. पूर्वी कसं व्हायचं, कोरड्या दिवसांत आकडा वर जायचा आणि पहिला मोठा पूर येऊन गेला की धुऊन निघाल्यासारखा खाली यायचा. आता खाली येतो, पण पूर्वीच्या जागेवर येत नाही, दरवर्षी एक पायरी वरच थांबतो. अजून मर्यादेच्या आत आहे म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण काही जणांना शेवटच्या महिन्यांत पाणी मचूळ लागायला लागलंय आणि मलाही लागतंय, उगाच का खोटं सांगू.

मीटिंगमध्ये काय होतं, तर एक जण म्हणतो वरच्या अंगाला कारखान्यांचा नाला आहे त्याचाच हा प्रताप, दुसऱ्यांचं बोट सांडपाणी केंद्राकडे (ते आमच्यातल्याच एका वस्तीचं आहे, प्रक्रिया केलेलं पाणी ओढ्यातून परत याच जलाशयात येतं), आणि केंद्रवाले फाइल उघडून दाखवतात की आमचं पाणी सगळ्या टेस्ट पास आहे. मला तिघांचंही खरं वाटतं. मागच्या वेळी जवळजवळ ठरलंच होतं की भांडण नको, फिल्टर प्लांटलाच मोठा आरओ (बारीक पडद्यातून पाणी दाबून मीठ वेगळं करणारं मशीन) बसवून टाकू. मी थोडा वेळ मागून घेतलाय.

तर आरओ हे उत्तर आहे का, आणि नसेल तर मीठ नक्की कुणाचं हे शोधायचं कसं? आणि समजा सापडलं, तर पुढे काय, कारण आम्हाला एकमेकांशी भांडून चालणारच नाहीये, पाणी एकच आहे.

---

जुना_फिल्टरवाला:

ताई, आरओ थांबवलात हे फार चांगलं केलंत. मी पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं. क्लोराइडची टेस्ट आम्ही रोज हाताने करायचो, नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले की पाणी पिवळंधमक होतं, मग ब्युरेटमधून (खुणा असलेल्या काचेच्या नळीतून) सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं आणि पिवळ्याचं विटकरी झालं की थांबायचं. क्लोराइड जितकं जास्त तितकं सिल्व्हर नायट्रेट जास्त लागतं. वर्षं गेली तसतसा तो विटकरी रंग उशिरा उशिरा यायला लागला, हाताला ते आधी कळलं, रजिस्टरमध्ये नंतर दिसलं. त्यामुळे तुमची 'एक पायरी वर थांबतो' ही ओळ वाचून मला चैन पडेना.

पहिली गोष्ट कमिटीतल्या सगळ्यांच्या डोक्यात बसली पाहिजे ती म्हणजे मीठ कुठे जात नाही. घाण कुजते, जंतू मरतात, गाळ खाली बसतो, पण क्लोराइड आणि सोडियम ना कुजत ना उडत ना बसत. तुरटी, वाळूचे फिल्टर, क्लोरिन यातलं काहीही त्याला हात लावत नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा पाणी जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून पाणी निम्म्यावर आलं की त्याच मिठाचा आकडा दुप्पट होतो. घरी उकळूनही काही होत नाही, उलट किंचित वाढतंच.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्ही लोक आकडा बघताय आणि बघायला पाहिजे वजन. कारखान्याच्या नाल्यात मीटर बुडवला की मोठा आकडा येतो आणि सगळे म्हणतात सापडला चोर. पण हिशोब करा. मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले दिवसाला किती दशलक्ष लिटर, की थेट किलो प्रति दिवस उत्तर येतं, इतका सोपा गुणाकार आहे. समजा नाल्यात क्लोराइड ६०० आहे पण पाणी दिवसाला २ दशलक्ष लिटर, झाले १२०० किलो. सांडपाणी केंद्रातून १५० चं पाणी येतंय पण ३० दशलक्ष लिटर, म्हणजे ४५०० किलो. आणि मुख्य ओढा अगदी गोड्या पाण्याचा, ४० चाच, पण पावसाच्या दिवसांत २०० दशलक्ष लिटर वाहतो म्हणजे ८००० किलो. बघा, ज्याच्याकडे बोट दाखवलं तो तिसऱ्या नंबरवर. आणि हाच ओढा कोरड्या दिवसांत २० दशलक्ष लिटरवर आला आणि आकडा ६० झाला तरी १२०० किलोच आणतो, तेव्हा केंद्राचे ४५०० सगळ्यात जड. हे आकडे फक्त समजुतीसाठी धरलेत, पण ऋतूप्रमाणे उत्तर बदलतं हे लक्षात ठेवा. दोघे जण वेगवेगळ्या महिन्यांत मोजतात आणि दोघेही खरे निघतात, म्हणूनच तुम्हाला तिघांचं खरं वाटतंय.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियामध्ये ऑकोक्वान नावाचा जलाशय आहे, तिथली गोष्ट तुमच्यासारखीच आहे. प्रक्रिया केलेलं सांडपाणी १९७८ पासून मुद्दाम त्या जलाशयाच्या वरच्या अंगाला सोडतात आणि तेच पुढे पिण्यासाठी उचलतात. तिथे सोडियम वाढत गेलं. २०२१ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, त्यात निघालं की ओल्या दिवसांत मुख्यतः पाणलोटातून वाहून येणारं मीठ (तिथे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात) आणि कोरड्या दिवसांत प्रक्रिया केलेलं सांडपाणी. आणि सांडपाण्यातलं सोडियम कुठून, तर कारखाने आणि व्यावसायिक जागा, माणसाच्या शरीरातून जाणारं, घरातली साबण-पावडर, मूळ पिण्याच्या पाण्यातच असलेलं, शिवाय खुद्द प्रक्रिया करताना टाकलेली केमिकल्स. म्हणजे कुणी एक गुन्हेगार नाहीच.

---

मेंब्रेन_माणूस:

आरओचं कामच करतो म्हणून सांगतो. आरओने मीठ नाहीसं होत नाही, फक्त एका बाजूला गोळा होतं. शंभर लिटर आत गेलं की चांगलं पाणी ७५-८० च्या आसपास मिळतं आणि उरलेल्या २०-२५ लिटरमध्ये सगळं मीठ, म्हणजे चार-पाच पट खारं रिजेक्ट. समुद्रकाठी असाल तर ते सोडायला जागा असते, आत जमिनीवर असाल तर ते कुठे टाकणार हा पहिला प्रश्न विचारा, मेंब्रेन (तो पडदा) कुठल्या कंपनीचा हा शेवटचा. रिजेक्ट ओढ्यात सोडलं तर ते फिरून तुमच्याच जलाशयात येणार. बाष्पीभवनाची तळी लागतात, किंवा खोल विहिरीत दाबतात आणि त्याचेही ताप आहेत. अमेरिकेत कोलोरॅडो नदीत खारं पाणी मिसळू नये म्हणून पॅराडॉक्स व्हॅलीत ते खोल जमिनीत दाबत आलेत, तिथे त्या दाबामुळे भूकंपाचे धक्के बसत आलेत, २०१९ मध्ये ४.५ चा बसला.

शिवाय जलाशय आधीच कमी पडत असेल तर त्यातलं पाचवा हिस्सा पाणी टाकून देणं परवडेल का बघा. आरओ लागतोच अशी ठिकाणं आहेत, मी नाही म्हणत नाही. पण उगमाशी जे काही करता येतं ते सगळं करून झाल्यावर, आणि तेही सगळं पाणी त्यातून न काढता एक भाग काढून बाकीच्यात मिसळायचं.

---

काठावरची:

दोघांचे मनापासून आभार. किलोचा गुणाकार मी लगेच करून बघितला, पण फ्लोचे (दिवसाला किती पाणी वाहतं त्याचे) आकडे फक्त केंद्राकडे आहेत, ओढ्याचे कुणाकडेच नाहीत.

एक शंका. केंद्राचे लोक शपथेवर सांगतात की त्यांनी काहीही वाढवलेलं नाही, जितकं मीठ आधी जायचं तितकंच जातं. मग जलाशयात वाढतंय कसं?

---

जुना_फिल्टरवाला:

खरं बोलत असतील हो ते. घरातून एकदा पाणी फिरून आलं की त्यात क्लोराइड साधारण २० ते ५० मिलिग्रॅमने वाढतं, कुणी काही चुकीचं न करता. आता तुमचं पाणी गोल फिरतंय. समजा प्रत्येक फेरीला ४० वाढतं. जलाशयात येणाऱ्या पाण्यात निम्मं फिरून आलेलं आणि निम्मं ताजं असेल तर जलाशय ताज्या पाण्यापेक्षा ४० ने वर जाऊन स्थिर होतो. पण ताजं पाणी आटलं आणि फिरून आलेलं ८० टक्के झालं तर तोच फरक १६० होतो. मीठ टाकणाऱ्याने एक चमचाही वाढवलेला नाही, तरी चौपट! म्हणून पाऊस कमी होणं, वर कुणी ओढा अडवणं, वस्ती वाढणं, हे सगळं मिठाच्या खात्यातच येतं. कुणाला खोटारडं ठरवायच्या आधी ताज्या पाण्याचा हिस्सा किती कमी झालाय ते काढा.

फ्लो मोजायला फार काही लागत नाही. ओढ्यावर एखादा छोटा बांध किंवा मोरी असेल तिथे पाण्याची उंची रोज एकाच वेळी लिहून ठेवायची पट्टी लावा, उंचीवरून फ्लो काढायचं कोष्टक कुणीही सिंचनवाला करून देईल.

---

पाइपलाइन:

सगळं बरोबर, पण मला 'अजून मर्यादेच्या आत आहे' या वाक्यावर बोलायचंय, आणि जरा कळकळीने बोलतेय.

क्लोराइडची लिटरला २५० मिलिग्रॅम ही जी रेषा सगळे सांगतात ती मुळात चवीची रेषा आहे. सोडियमची जागतिक आरोग्य संघटनेची २०० पण चवीचीच. म्हणजे त्याच्या आत सगळं ठीक आणि बाहेर सगळं विष, असं काही नाही. ज्यांना डॉक्टरांनी मीठ अगदी तोडायला सांगितलंय, दिवसाला ५०० मिलिग्रॅम सोडियमच्या आत, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने सल्ला म्हणून पाण्यात लिटरला २० मिलिग्रॅम सांगितलंय. दहापट फरक आहे! अशी माणसं तुमच्या तिन्ही वस्त्यांत असतीलच, आणि पाण्यात सोडियम किती आहे हे त्यांना कुणी कळवत असेल असं मला वाटत नाही. रिपोर्टमधला तो एक आकडा दवाखान्यांत लावायला काही लागत नाही, हे उद्याच करा.

आणि पाइप. क्लोराइड वाढलं की धातू गंजतो, विशेषतः सल्फेटच्या मानाने क्लोराइड जास्त झालं की शिशाचे जोड आणि जुने पाइप शिसं सोडायला लागतात. अमेरिकेतल्या फ्लिंटचं उदाहरण सगळ्यांना माहितीये पण त्यातली एक गोष्ट लोक विसरतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये शहराने नदीचं पाणी घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने ते पाणी बंद केलं कारण त्यातल्या क्लोराइडने इंजिनाचे भाग गंजायला लागले होते. लोक मात्र पुढे वर्षभर तेच पाणी पीत होते आणि गंज रोखणारं औषधही त्यात टाकलं जात नव्हतं. जे पाणी लोखंडाला नको झालं ते मुलांना चालत होतं. मी हे वाचलं तेव्हा रडले होते. म्हणून ताई, जलाशयाच्या काठावर मोजता तसं घरातल्या नळालाही मोजा, सकाळचं पहिलं पाणी, आणि शिसं बघा.

---

नदीकाठ:

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते, की सापडलं तर पुढे काय. कारण माझ्या मते खरं अवघड तेच आहे, मोजणं त्यामानाने सोपं.

युरोपात ऱ्हाईन नदीचं हेच झालं होतं. फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पोटॅशच्या खाणी उरलेलं मीठ नदीत सोडायच्या आणि खाली नेदरलँड्समध्ये पिण्याचं पाणी आणि काचघरातली शेती खारी व्हायची. शेवटी १९७६ मध्ये बॉनला करार झाला आणि खर्च कसा वाटला माहितीये का, फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के, आणि नेदरलँड्स, म्हणजे ज्यांचं नुकसान होत होतं तेच, ३४ टक्के. ऐकायला अन्याय वाटतो, मलाही वाटला. पण घाण करणाऱ्यानेच सगळं भरावं यावर अडून बसले असते तर करारच झाला नसता. आणि एवढं करूनही तो अमलात यायला १९८५ उजाडलं, म्हणून सांगते, तुमच्याकडे आत्ता मर्यादेच्या आत आहे हाच बोलायचा काळ आहे, नंतर प्रत्येक जण वकील घेऊन येतो.

दुसरं मला जास्त आवडलेलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातलं मरे-डार्लिंग खोरं. तिथे राज्याराज्यांची भांडणं होती आणि १९८८ मध्ये त्यांनी मिठाची चक्क खातेवही सुरू केली. एखाद्या राज्याच्या नव्या सिंचनामुळे नदीत मीठ वाढणार असेल तर त्याच्या नावे, आणि त्याने कुठे खारं भूजल नदीत येण्याआधी पंपाने उपसून बाजूला काढलं तर जमा. आणि हे सगळं कुठे मोजायचं तेही ठरलेलं, मॉर्गन नावाचं एक ठिकाण, तिथे ८०० ईसीच्या (पाण्यातून वीज किती वाहते यावरून खारेपणा मोजायचं माप) आत ९५ टक्के वेळ राहिलं पाहिजे. तुम्ही करायचं म्हटलं तर सगळ्यात आधी असं एक ठिकाण ठरवा जे कुणा एकाचं नाही, बहुतेक इनटेक टॉवर, म्हणजे जलाशयातून पाणी उचलायचा मनोरा. तिथला मीटर तिघांनी मिळून तपासायचा, आकडा तिघांना एकाच वेळी दिसायला पाहिजे. दोष कुणाचा हा विषय पहिल्या मीटिंगला काढूच नका, फक्त वही कशी लिहायची एवढंच ठरवा.

घरांकडे पण बघा. पाणी जड आहे म्हणून लोक सॉफ्टनर (जडपणा काढणारं मशीन) लावतात, ते मिठाच्या पाण्याने धुतले जातात आणि ते सगळं मीठ गटारात. कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा म्हणून भाग आहे, तिथे २००३ ला नवे मिठाचे सॉफ्टनर लावायला बंदी आणली आणि २००८ ला लोकांनीच मतदान करून जुनेही काढायचं ठरवलं. गंमत नाही, घरातलं मशीन काढायला लोकांनी स्वतः मत दिलं, कारण त्यांना आधी नीट समजावलं गेलं होतं की नाहीतर सांडपाण्यातून क्लोराइड काढायचा खर्च सगळ्यांच्याच बिलात येणार.

---

मेंब्रेन_माणूस:

सॉफ्टनरचं अगदी बरोबर. २५ किलोच्या एका पोत्यात क्लोराइड साधारण १५ किलो असतं. म्हणजे एक पोतं गटारात गेलं की ६० हजार लिटर शुद्ध पाणी शून्यावरून थेट २५० ला नेऊन ठेवतं. बंदी जमत नसेल तर निदान घड्याळावर चालणारे बदलून पाणी वापरलं तेवढ्यावरच धुणारे लावायला सांगा, गरज नसताना रोज धुतले जातात ते तरी थांबेल. आणि पोटॅशियमचं मीठ वापरा म्हणून कुणी सांगितलं तर सोडियम कमी होतं पण क्लोराइड तितकंच राहतं हे लक्षात ठेवा.

तसंच प्लांटमधली केमिकल्स. सोडियम हायपोक्लोराइट, कॉस्टिक सोडा, फेरिक क्लोराइड, प्रत्येक ड्रमबरोबर मीठ आत जातं. कॉस्टिकऐवजी चुना, फेरिक क्लोराइडऐवजी फेरिक सल्फेट असे बदल जार टेस्ट करून (आधी छोट्या भांड्यांत थोड्या पाण्यावर) बघता येतात. फिल्टर प्लांटचंही रजिस्टर उघडा, फक्त केंद्राचं नको, म्हणजे त्यांनाही वाटेल की सगळेच मापात येतायत.

---

जुना_फिल्टरवाला:

मोजण्याबद्दल एक राहिलं. वरचं पाणी मोजून निघून येऊ नका. खारं पाणी जड असतं, ते तळाला जाऊन बसतं आणि कधीकधी इतकं घट्ट बसतं की जलाशय वरखाली घुसळलाच जात नाही. मग तळाचा ऑक्सिजन संपतो आणि गाळातून लोह, मँगनीज, फॉस्फरस सुटतं, लोकांना नळाला काळपट पाणी येतं आणि कुणाला कळत नाही की त्याचंही मूळ मिठात आहे.

आम्ही साधी बाटली वापरायचो. बाटलीच्या बुडाला दगड बांधायचा, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. मीटर-मीटरवर गाठी मारलेल्या मुख्य दोरीने बाटली खाली सोडायची, हव्या त्या गाठीवर आली की बुचाची दोरी झटक्यात ओढायची. वर बुडबुडे येतात, ते थांबले की बाटली भरली. एकदा वर मीटर ५४० दाखवत होता आणि तळाच्या बाटलीत ९१०. आमचा उचलायचा दरवाजा नेमका खालचा होता, तो बंद करून वरचा उघडला आणि त्या मोसमापुरता फरक लगेच पडला. मीठ गेलं नाही, पण लोकांच्या घरात कमी गेलं. तुमच्या टॉवरला किती दरवाजे आहेत ते विचारा. तळाचं पाणी खाली सोडून द्यायचा मोह होईल, पण खालच्या लोकांना विचारल्याशिवाय नको.

आणि कमिटीला आधीच सांगून ठेवा की मीठ टाकणं आज थांबलं तरी आकडा उद्या उतरणार नाही. जलाशयात पाणी सरासरी वर्षभर राहत असेल तर वर्षाने फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग कमी होईल, तीन वर्षांनी जवळजवळ सगळा. जमिनीत आणि भूजलात मुरलेलं मीठ तर त्याहून कितीतरी वर्षं झिरपत राहतं. हे आधी नाही सांगितलं तर पहिल्याच वर्षी म्हणतील उपाय फसला आणि वही बंद करतील.

---

काठावरची:

तुम्ही सगळ्यांनी इतकं दिलंय की मी दोनदा वाचून काढलं आणि वहीत उतरवलं.

काल केंद्राच्या केमिस्ट बाईंना फोन केला, भीत भीतच. मी आरोप करायला फोन केलाय असं त्यांना वाटलं, आवाजच तसा होता. मग मी ती फेरीची गोष्ट सांगितली, की तुम्ही काही न वाढवताही आकडा चढू शकतो. त्या जरा वेळ गप्प झाल्या आणि म्हणाल्या, हे मी तीन वर्षं सांगतेय पण कुणी ऐकून घेतलं नाही. केमिकलचं रजिस्टर द्यायला तयार आहेत, फिल्टर प्लांटनेही दिलं तर. टॉवरला तीन दरवाजे आहेत असं कळलं, मधला कुणी कधी उघडलाय हे मात्र आठवत नाही म्हणतात.

रविवारी आम्ही दोघी होडीतून बाटल्या सोडणार आहोत, होडीवाले बरोबर आहेत आणि लाइफ जॅकेट घेतलंय. दवाखान्यात लावायचा सोडियमचा कागद पण आज दिला. फिल्टरवाले काका, तुमची ती थेंबाथेंबाची टेस्ट (टायट्रेशन) केमिस्ट बाई त्यांच्या लॅबमध्ये मला शिकवणार आहेत. त्या क्रोमेटबद्दल काही काळजी घ्यायची असते का?

---

जुना_फिल्टरवाला:

हो, नक्की. क्रोमेट विषारी आहे, हातमोजे घाला आणि टेस्ट झालेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवून लॅबच्या घातक कचऱ्यातच द्या, त्यात चांदीही असते. आणि पहिला नमुना डिस्टिल्ड वॉटरचा करा, विटकरी रंग नेमका कुठे थांबवायचा हे डोळ्याला त्यावरूनच कळतं. तळाचा आकडा आला की इथे टाका, मी वाट बघतोय.